उधारीची वही संगणकात नेताना

बार्शी-सोलापूर रस्त्यावरील वैराग हे आसपासच्या खेड्यांचे बाजाराचे गाव. अशा गावातील धंदा रोखीइतकाच ओळखीवर चालतो. कापड, किराणा, हार्डवेअर असो की टेलरिंग, वेल्डिंग असो, गल्ल्याशेजारी उधारीची वही असतेच. सोयाबीन, तूर किंवा ज्वारी विकली की शेतकरी येतो आणि खाते मिटवतो. या वहीत आकड्यांबरोबर गिऱ्हाईकाची पतही लिहिलेली असते. म्हणून ती वही मोबाइलमध्ये किंवा संगणकात नेऊ इच्छिणाऱ्या व्यापारी आणि कारागीर बंधूंसमोर काही गोष्टी मांडणे आम्हास अगत्याचे वाटते.

सोय मोठी आहे, यात शंका नाही. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर १९८६ पासून आहे; पण ते चालवायला शिकलेला हिशेबनीस लागतो. खाताबुक, ओकेक्रेडिट यांसारखी उधारीची अॅप गेल्या काही वर्षांत आली आणि २०१८ मध्ये व्हॉट्सअॅप बिझनेस आले. आता साध्या मोबाइलवरही नाव टाकताच बाकी दिसते, कोण किती दिवस फिरकला नाही ते कळते, टेलरला जुने माप सापडते. वही मात्र भिजते, फाटते आणि मालक परगावी गेला की मुलाला त्याचे अक्षर लागत नाही.

तरीही सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी विकणाऱ्याला चार प्रश्न विचारावेत. मराठीत नावे लिहिता येतात का? इंटरनेट बंद असताना नोंद करता येते का? मोबाइल हरवला तर माहिती परत कशी मिळणार? आणि उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचे ठरले तर सर्व खाती एक्सेलच्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात का? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्या पेटीतून माल बाहेर काढता येत नाही, तिच्यात माल ठेवू नये. कोणतेही सॉफ्टवेअर कायमचे नसते. अनेक दुकानांत चालणाऱ्या विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, हे ताजे उदाहरण आहे.

आता प्रत्यक्ष काम. रमजान ईद, दिवाळी किंवा लग्नसराईच्या गर्दीत बदल करू नये. मंदीचे दिवस पाहून एक तारीख ठरवावी; हिशेबाचे वर्ष सुरू होते ती १ एप्रिल सोयीची. त्या तारखेपर्यंतचे सगळे जुने व्यवहार पुन्हा टाइप करण्याची गरज नाही. प्रत्येक खात्याची अखेरची बाकी तेवढी नव्या ठिकाणी न्यावी.

त्याआधी नावे साफ करावीत. शेख, सय्यद, पठाण ही आडनावे घरोघरी. एकाच नावाची तीन-चार गिऱ्हाईके सहज निघतात. वहीत आपण खूण लक्षात ठेवतो, यंत्र ठेवत नाही. म्हणून नाव, वडिलांचे नाव, गाव आणि मोबाइल नंबर अशी नोंद करावी. नुसत्या नंबरावर विसंबू नये. एकच नंबर घरातले चौघे वापरतात आणि बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते. मग एकाच्या बाकीचा निरोप भलत्याच्याच हाती पडतो.

बाक्या चढवून झाल्या की दोन्हीकडच्या बेरजा जुळवाव्यात. समजा, वहीत एकूण येणे ३,८६,५०० रुपये आणि मोबाइलमध्ये ३,८५,६०० रुपये आले. फरक ९०० चा. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा कोठेतरी दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. ५,४०० चे ४,५०० लिहिले गेले असतील. ही जुन्या मुनिमांची युक्ती आजही उपयोगी पडते. त्यानंतर निदान एक महिना वही आणि मोबाइल दोन्ही चालवावेत, रोज रात्री ताळा करावा.

बदलाच्या वेळी प्रत्येक गिऱ्हाईकाला बाकी दाखवून वहीत सही घ्यावी. यात संकोच नको. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या येण्यासाठी दावा करण्याची मुदत साधारणपणे ३ वर्षे आहे. ती संपण्याआधी देणेकऱ्याने लेखी सही करून बाकी मान्य केली, तर मुदत नव्याने सुरू होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २८ नुसार नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या नोंदी, संगणकातील असल्या तरी, पुराव्यात घेता येतात. परंतु केवळ तेवढ्यावर कोणावर देणे सिद्ध होत नाही. कुरआनच्या सूरह बकरातील २८२ व्या आयतीतही मुदतीची उधारी लिहून ठेवण्याबरोबर साक्षीदार ठेवण्याची ताकीद आहे. तेव्हा जुन्या वह्या रद्दीत घालू नयेत. जीएसटी नोंदणी असलेल्यांना तर वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवणे बंधनकारक आहे.

एक धोका आकड्यांपलीकडचा आहे. अॅपमधून बाकीच्या आठवणीचे निरोप आपोआप जाण्याची सोय असेल, तर ती आधी बंद करावी. सुगीला पैसे देणाऱ्या शेतकऱ्याला दर महिन्याला तगादा गेला, तर त्याला तो अपमान वाटेल आणि वीस वर्षांचे गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. निरोप कोणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत पाठवायचा, हे मालकानेच ठरवावे.

तसेच अॅपने फोनमधील सगळे नंबर पाहण्याची परवानगी मागितली, तर गरज असल्याखेरीज देऊ नये. पासवर्ड कामावरच्या मुलाच्या नव्हे, मालकाच्या नंबरावर असावा. संसदेने २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. पण कायद्याच्या आधीपासून आपला व्यापारी हे जाणतो की, कोणाकडे किती बाकी आहे ही गोष्ट त्या गिऱ्हाईकाची अमानत आहे. वही मिटून ठेवता येत होती. मोबाइलही तितक्याच काळजीने मिटून ठेवावा.