आधी बँका, मग धरणं

महामंदीतून अमेरिकन सरकारनं देश कसा सावरला, हे सांगताना टेनेसी खोऱ्यातली धरणं पुढे केली जातात. धरणं डोळ्यांत भरतात, म्हणून. माझ्या मते खरी कलाटणी त्याआधी, बँकांच्या काउंटरवर मिळाली. १९३० ते १९३३ या काळात तिथल्या सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या आणि दर चौघांत एक कामगार बेकार झाला. ठेवी कर्जांत गुंतलेल्या असतात; सगळे ठेवीदार एकदम दारात आले, तर धडधाकट बँकही बसते. लोक रोकड घरात दडवतात, कर्जं आटतात, कारखान्यांना टाळी लागतात. नवे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ४ मार्च १९३३ला शपथ घेतली आणि दोनच दिवसांत देशभरातल्या बँका बंद केल्या. ९ मार्चला बँका तपासून उघडण्याचा कायदा झाला. १२ तारखेला, रविवारी रात्री, त्यांनी रेडिओवरून साध्या भाषेत सांगितलं की तपासून सुस्थितीत आढळलेल्या बँकाच उघडतील. सोमवारी बँका उघडू लागल्या, तेव्हा लोक पैसे काढायला नव्हे, भरायला रांगेत उभे होते! पुढे १ जानेवारी १९३४पासून अडीच हजार डॉलरपर्यंतच्या ठेवींना विमा मिळाला.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, मंदी हटवली ती महायुद्धानं. १९४०मध्येही बेकारी चौदा टक्क्यांच्या आसपास होतीच. आकडा खरा आहे, निष्कर्ष अर्धवट. १९३३ ते १९३७ या काळात उत्पादन दरवर्षी आठ-नऊ टक्क्यांनी वाढत होतं, आणि युद्ध तेव्हा दूर होतं. मग १९३७मध्ये अंदाजपत्रकाचा तोल साधायच्या घाईत सरकारनं खर्च छाटला, पगारांवर नवा कर सुरू झाला, मध्यवर्ती बँकेनं बँकांना जास्त पैसा राखून ठेवायला लावला. वर्षभरात औद्योगिक उत्पादन जवळजवळ एक तृतीयांशानं कोसळलं. औषध थांबवताच दुखणं उलटतं, तेव्हा ते लागू पडत होतं असंच म्हणावं लागेल. सरकारनं केलेलं सगळंच शहाणपणाचं होतं असं मात्र नाही. लोक अर्धपोटी असताना भाव चढावेत म्हणून उभा कापूस नांगरून टाकणं आणि लाखो डुकरांची पिल्लं मारणं, याचं समर्थन मला तरी करवत नाही.

ठेवविम्याची ती कल्पना आपल्याकडेही आली, तीही बँका बुडाल्यावरच. अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक १९६०मध्ये बुडाल्या आणि १ जानेवारी १९६२पासून भारतात ठेवींना विमा लागू झाला. तेव्हा मर्यादा दीड हजार रुपये होती. २०२०पासून ती पाच लाख आहे.