'एच'मध्ये 'ह' कुठे आहे?

पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय २०२५च्या जूनमध्ये मागे घेतले गेले, तिसरी भाषा समितीकडे गेली. त्या गदारोळात दुसऱ्या भाषेची, इंग्रजीची, चौकशी कोणी केलीच नाही. मराठी शाळांत पहिलीपासून ती आली २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. पाव शतक उलटलं, तरी वर्गातल्या 'ए फॉर ॲपल'च्या तक्त्यावरचं सफरचंद काही जागचं हललेलं नाही.

देवनागरीत वाढलेल्या आपल्याला या तक्त्यातली गोम लक्षात येत नाही. 'क'चं नाव क, आवाजही क. इंग्रजीत मात्र 'बी'च्या नावात ब पुढे, 'एम'च्या नावात म मागे, आणि 'एच'मध्ये ह शोधूनही सापडत नाही. 'डब्ल्यू'बद्दल न बोललेलंच बरं.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ रिबेका ट्रायमन यांनी मुलांच्या अशाच चुकांचा अनेक वर्षं अभ्यास केला. नुकती लिहू लागलेली इंग्रजी घरातली मुलंसुद्धा 'वेट'सारखा शब्द कधीकधी 'वाय'नं सुरू करतात, कारण 'वाय' म्हणताना आधी व ऐकू येतो. शिक्षक लाल रेघ मारतील. मला तर हे मूल हुशार वाटतं. नावं टाकाऊ आहेत असं मात्र ट्रायमनबाई म्हणत नाहीत. बी, डी, टी यांचे आवाज मुलं नावांवरूनच चटकन पकडतात.

इंग्लंडनं आधी आवाज शिकवायचं ठरवलं. तिथे २०१२पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांकडून ४० शब्द वाचून घेतात. त्यातले निम्मे चक्क निरर्थक, म्हणजे पाठांतराला वावच नाही. एवढी परीक्षा मला अतिच वाटते. 'वन' आणि 'सेड' यांची स्पेलिंगं आवाज जोडून सुटत नाहीत, ती शेवटी घोकावीच लागतात.

पण त्यांचा अक्षरक्रम उचलण्यासारखा आहे. एस, ए, टी, पी, आय, एन या सहांचे आवाज आले की सॅट, पिन, टॅप, नॅप असे शब्द मूल स्वतः वाचतं. झेड खुशाल दिवाळीनंतर येऊ दे. आपली मुलं इथे वेगळीकडेच अडतात. प्रत्येक व्यंजनाला अ चिकटवायची सवय, म्हणून 'सॅट'चं होतं 'स-ॲ-ट', आणि शब्द काही जुळत नाही. अशा वेळी बाईंनी 'स'चा आणि 'ट'चा पाय मोडायला सांगावं. जोडाक्षरांसाठी ते मुलांना नाहीतरी शिकवावंच लागतं.