चकाकी आणि घसारा

दसरा जवळ आला की भंडाऱ्यातील गाड्या धुण्याच्या केंद्रांसमोर मोटारींची रांग लागते. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करण्याची आपली परंपरा. आता शस्त्रांची जागा बव्हंशी वाहनांनी घेतली आहे, आणि पूजेचे वाहन चकचकीत असावे ही अपेक्षा स्वाभाविकच म्हटली पाहिजे. या रांगेत काळी मोटार असली तर तिच्या मालकाची चिंता इतरांहून अधिक असते. पांढऱ्या गाडीवर आठ दिवसांची धूळ खपून जाते. काळ्या गाडीवर आठ तासांचीही खपत नाही. प्रस्तुत लेखक अशाच एका जुन्या खरेदीच्या काळ्या मोटारीचा मालक आहे. वर्गात वर्षानुवर्षे घसारा शिकविणाऱ्या माणसाला त्या शब्दाचा शब्दशः अर्थ या मोटारीने शिकविला. तो सांगण्याजोगा वाटतो, कारण प्रश्न केवळ एका मोटारीचा नाही.

मोटार आणि काळा रंग यांचे नाते जुने आहे. हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळे. त्यामागे ऐट नव्हती, काटकसर होती. तोच रंग पुढे प्रतिष्ठितांचा झाला. असे का व्हावे, याचे उत्तर थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली लिहिलेल्या ग्रंथात सापडते. निष्कलंक वस्त्रे आणि चकाकते जोडे यांना मान मिळतो, कारण ते घालणाऱ्याला अंगमेहनत करावी लागत नाही, अशी ग्वाही ते देतात, असे त्याचे प्रतिपादन होते. काळ्या मोटारीची चकाकी ही याच जातीची. ती राखणे कठीण, म्हणूनच ती हवीशी. आणि ती राखणारे हात बहुधा दुसऱ्याचे असतात.

लेपाचे भांडवल

आजच्या मोटारीचा रंग हा एक थर नसतो. पत्र्यावर गंजरोधक अस्तर, त्यावर प्रायमर, त्यावर काळा रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लेप, ज्याला गॅरेजमध्ये ‘क्लिअर कोट’ म्हणतात. आपण जिला रंगाची चकाकी समजतो ती वस्तुतः या पारदर्शक लेपाची असते. त्याची जाडी सर्वसाधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. गाडीचे सारे रूप एवढ्याशा भांडवलावर उभे असते.

आता आपल्या जिल्ह्याची धूळ पाहा. वैनगंगेची वाळू वाहून नेणारे ट्रक, तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणींची वाहतूक, धानाच्या मळणीचा कोंडा आणि महामार्गावरची माती. यांपैकी वाळूचा मुख्य घटक क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीच्याच जातीचा दगड. त्याचे काठिण्य मोहच्या मापावर ७, चाकूच्या पात्याहूनही अधिक. अशी धूळ बसलेल्या गाडीवरून सकाळी कोरडे फडके फिरविणे म्हणजे पॉलिश कागदाने घासण्यासारखेच होय. आपल्याकडील बहुतेक मोटारींचे रूप अपघाताने नव्हे, या नित्याच्या फडक्याने जाते.

हे ओरखडे सगळ्याच गाड्यांवर पडतात. काळ्या गाडीवर ते दिसतात, इतकाच फरक. रात्री दिव्याखाली उभे राहिले की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे उमटलेली आढळतात. वास्तविक ओरखडे सर्व दिशांना असतात. पण दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे आडवे येतात तेवढेच उजळतात, म्हणून ते गोल भासतात. आपण जागा बदलली की वर्तुळही आपल्याबरोबर सरकते.

दोन उपाय, दोन्ही महाग

लेखकाच्या गाडीवर हे जाळे एका धुलाई केंद्राच्या कृपेने पडले. चिखलाची चाके ज्या कापडाने पुसली त्याच कापडाने बॉनेट पुसले गेले. तक्रार केली तेव्हा तेथील पोरगा निर्विकारपणे म्हणाला, “सर, मालक दिवसाच्या गाड्या मोजते, ओरखडे थोडीच मोजते!” नगावर मजुरी देण्याच्या पद्धतीचा दोष इतक्या थोड्या शब्दांत कोणत्याही पाठ्यपुस्तकाने सांगितलेला नाही. ज्याची मजुरी गाड्यांच्या संख्येवर ठरते, त्याने प्रत्येक गाडीसाठी वेगळे कापड घ्यावे आणि ते स्वच्छ धुवावे, ही अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला कितपत पोचतो?

जाळे घालविण्याचे दोन मार्ग. पहिला, तेल आणि मेण असलेले पॉलिश लावून ओरखडे बुजविणे. गाडी त्या दिवशी आरशासारखी दिसते. चार धुण्यांत मेण निघून जाते आणि जाळे पुन्हा डोके वर काढते. दुसरा मार्ग यंत्राने पॉलिश करण्याचा. यात चकाकी वरून चढविली जात नाही, तर ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा लेप झिजवून पृष्ठभाग सपाट केला जातो. कुशल कारागीर दोन-चार मायक्रॉनमध्ये काम भागवितो. लेखकाच्या गाडीला लाभलेला कारागीर घाईत होता. बॉनेटच्या कडेला, जेथे लेप मुळातच पातळ असतो, तेथे तो संपूर्ण गेला आणि बॉनेट नव्याने रंगवावे लागले.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थबकावे असा मुद्दा आहे. ओरखडे पाडणाऱ्या धुलाईचे पैसे राष्ट्रीय उत्पन्नात जमा झाले, पॉलिशचे झाले, पुन्हा रंगविण्याचेही झाले. झिजलेला लेप मात्र कोठेही वजा झाला नाही. कारण घरगुती मोटार ही राष्ट्रीय हिशेबात उपभोग्य वस्तू धरली जाते आणि तिच्यावर घसारा आकारला जात नाही. याउलट, सकाळी स्वतः बादलीभर पाण्याने नीट गाडी धुणाऱ्या गृहस्थाचे श्रम त्या हिशेबात शून्य. नुकसान आणि त्याची भरपाई यांची बेरीज होते, नुकसान टाळणे मोजलेच जात नाही.

पितळेची शिकवण

भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. या गावाला चकाकीचे शास्त्र नवे नाही. आमच्या घरी आई पितळेची घागर चिंचेच्या कोळाने उजळीत असे. विटकरीची भुकटी लावणाऱ्या मोलकरणीवर ती रागावे. “भांडं घासायचं नसतं, उजळायचं असतं,” हे तिचे वाक्य तेव्हा उमगले नव्हते. चिंचेतील आम्ल वरचा काळेपणा विरघळविते. भुकटी धातूच खरवडून काढते. दोन्हींनी घागर सारखीच चमकते, पण एकीने ती पुढच्या पिढीला पोचते.

काळ्या मोटारीचेही तंत्र याहून निराळे नाही. गाडी सावलीत आणि निवलेली असावी. आपल्या उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्यावर बोअरवेलचे जड पाणी क्षणात वाळते आणि क्षारांचे पांढरे ठिपके मागे सोडते. प्रथम नुसत्या पाण्याच्या धारेने धूळ वाहू द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एक शाम्पूच्या पाण्याची, दुसरी फडके खळबळण्याची. वरून खाली, सरळ रेषेत, दाब न देता धुवावे. चाकांचे कापड निराळे ठेवावे. मऊ मायक्रोफायबरने पाणी टिपून घ्यावे. वर्षातून दोन-तीनदा मेणाचा हात द्यावा, म्हणजे लेपाऐवजी मेण झिजते. यंत्राचे पॉलिश शेवटचा उपाय समजावा.

ही सूचनावली क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या सार्वजनिक जीवनात नेमके याच्या उलट चालते, हे शिक्षक आणि कारकून वाचकांना निराळे सांगावयास नको. पाहणी समिती येणार म्हटले की भिंतींना घाईने रंग लागतो. छताची गळती मात्र रंगाखाली तशीच राहते आणि पुढच्या पावसाळ्यात रंगासह बाहेर पडते. देखभालीसाठी तरतूद मागितली तर ती अनुत्पादक ठरते, रंगरंगोटीसाठी मात्र ती मिळते.

यंदा खंडेनवमीला लेखक रांगेत उभा राहणार नाही. दोन बादल्या आणि चार फडकी घरातच आहेत. दाराच्या पत्र्यावर अजून काही बारीक ओरखडे आहेत; दिवा लावला की दिसतात. ते तसेच राहू द्यावेत असे ठरविले आहे. उरलेला लेप आता त्यांच्यासाठी खर्च करावयाचा नाही.