आंघोळ रोजची, न्हाणे मोजके

पावसाळ्यात दमट किनाऱ्यावर केस दिवसभर ओले राहतात आणि त्यातून त्वचेच्या व केसांच्या तक्रारी सुरू होतात. रोजची आंघोळ न चुकवता केस कोरडे कसे ठेवावेत, याचा हा ऊहापोह.

मालवण किनाऱ्यावर मृगाचा पाऊस एकदा स्थिरावला, की कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्या अंगणातून पडवीत आणि पडवीतून माजघरात सरकू लागतात. सकाळी धुतलेला सुती कपडा दुसऱ्या दिवशीही हाताला दमट लागतो. केसांची गत याहून वेगळी नसते. लांब केस असलेल्या स्त्रीने सकाळी डोक्यावरून पाणी घेतले आणि कामाच्या घाईत तसाच अंबाडा बांधला, तर सायंकाळी तो सोडताना आतले केस ओलेच असतात. त्यांना कुबट वास येऊ लागतो, डोके खाजते, कंगव्यात अधिक केस दिसू लागतात. मग तेल बदलले जाते, शाम्पू बदलला जातो. परंतु मूळ कारण बरेचदा तेलातही नसते आणि शाम्पूतही नसते. ते असते न वाळलेल्या केसांत.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या काळात किनारपट्टीवरील हवा बाष्पाने इतकी भरलेली असते, की ओल्या वस्तूतील पाणी सामावून घेण्यास तिच्यात फारशी जागाच उरत नाही. पुण्यात तासाभरात सुकणारे केस मालवणात अर्धा दिवस का घेतात, याचे उत्तर एवढेच आहे. मुंबईच्या पावसाळ्यातील अनुभवही याच जातीचा.

भाषेने जपलेला भेद

आंघोळ आणि न्हाणे या दोन गोष्टी मराठी घरांत कधी एक मानल्या गेल्या नाहीत. आंघोळ रोजची, ती खांद्यावरून, अंगावरून होते. न्हाणे म्हणजे केस भिजवून, शिकेकाई किंवा रिठे लावून डोके धुणे. त्याचे वार ठरलेले असत. 'आज न्हायले' असे एखादी स्त्री म्हणाली, की तिने केस धुतले आहेत हे वेगळे सांगावे लागत नसे. कोकणातील जुन्या घरांत न्हाणीत चुलीवर तांब्याचे भाण चढवलेले असे. त्यातील कढत पाणी थंड पाण्यात विसणून तांब्याने अंगावर घेतले जाई. केस वर गुंडाळून घट्ट बुचडा बांधला, की डोक्याला पाण्याचा थेंबही न लागता आंघोळ पार पडे.

न्हाण्याच्या दिवशी मात्र केस वाळवण्यालाही वेळ राखून ठेवलेला असे. उन्हाळ्यात खळ्यात उन्हाकडे पाठ करून बसायचे आणि पावसाळ्यात चुलीच्या उबेला. बाळंतिणीला न्हाऊ घातल्यावर शेगडीवर ओवा, बाळंतशेपा टाकून धुरी देण्याची रीत होती. त्या उबेचा एक उपयोग केस कोरडे होण्यासाठीही होई. शास्त्राची भाषा न वापरता या घरांनी एक नियम पाळला होता : केस वाळवण्याची सोय असेल, त्या दिवशीच ते भिजवावेत.

केस भिजतो म्हणजे काय

केस हा केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या बाहेरच्या अंगाला कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. कोरड्या केसात ते मिटलेले असतात. केस भिजला, की पाणी आत शिरते, केस फुगतो आणि खवले उचलले जातात. पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी शोषतो. त्याची जाडी जवळजवळ चौदा-पंधरा टक्क्यांनी वाढते. लांबी मात्र एक-दोन टक्केच वाढते. केसाला आकार आणि ताठपणा देणारे हायड्रोजन बंध पाण्यामुळे तात्पुरते सुटतात. म्हणूनच ओला केस रबरासारखा ताणला जातो आणि कोरड्या केसापेक्षा लवकर तुटतो. ओल्या केसांत बारीक दातांचा कंगवा घालणे किंवा ते पिळून घट्ट बांधणे अपायकारक ठरते, ते याच कारणाने.

फुगणे आणि आकसणे हे चक्र रोज घडत राहिले, तर खवल्यांच्या कडा झिजतात, केस राठ होतो आणि टोकाला दुभंगतो. कोरियातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात तर एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. ड्रायर पंधरा सेंटिमीटर अंतरावर धरून सतत हलवत ठेवला, तर केसांना होणारी इजा ते आपोआप वाळू देण्यात होणाऱ्या इजेपेक्षा कमी होती. उष्णतेने केसाच्या पृष्ठभागाचे नुकसान होते हे खरे. पण केस बराच वेळ ओला राहण्यानेही त्याच्या आतील पेशींना जोडणारा थर बिघडतो, असे त्या अभ्यासात दिसले.

ओलाव्यात वाढणारी बुरशी

केसांपेक्षाही अधिक काळजीचा विषय आहे तो डोक्याच्या त्वचेचा. मॅलॅसेझिया नावाची सूक्ष्म बुरशी जवळजवळ प्रत्येकाच्याच डोक्यावर असते. त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर ती जगते. उबदार, दमट आणि हवा न लागणारी जागा मिळाली, की ती फोफावते आणि कोंडा, खाज, लाली असा त्रास सुरू होतो. ओल्या केसांचा घट्ट अंबाडा तिला नेमकी हीच जागा मिळवून देतो.

याहून कमी आढळणारा, पण लांब केसांच्या स्त्रियांना हैराण करणारा आजार म्हणजे पांढरा पिएड्रा. ट्रायकोस्पोरॉन या बुरशीमुळे केसांवर पांढुरक्या, मऊ गाठी धरतात. त्या पुष्कळदा उवांच्या लिखा समजल्या जातात आणि उवांची औषधे लावण्यात आठवडे वाया जातात. उष्ण व दमट हवा आणि ओले केस बांधून ठेवण्याची सवय ही या आजाराला पोषक कारणे मानली जातात. उपचारात बुरशीनाशक औषधांबरोबर बाधित केस कापण्याचाही सल्ला दिला जातो. वर्षानुवर्षे वाढवलेले केस गमावण्याची वेळ येऊ नये, यासाठी ते कोरडे ठेवणे हाच स्वस्त उपाय होय.

ओल्या केसांनी सर्दी होते, हा समज मात्र तपासून घ्यायला हवा. सर्दी विषाणूंच्या संसर्गाने होते. केवळ केस ओले असल्याने ती होत नाही. केस कोरडे ठेवण्यामागचे खरे कारण त्वचेचे आणि केसांचे आरोग्य हे आहे.

तांब्या गेला, शॉवर आला

मग जुनी रीत सुटली कुठे? या प्रश्नाचे उत्तर न्हाणीघरातच सापडते. तांब्या हातात असतो. पाणी कोठे पडावे हे स्नान करणारा ठरवतो. शॉवर डोक्याच्या वर बसवलेला असतो आणि पाणी प्रथम माथ्यावरच पडते. शहरांतील सदनिकांत, आणि आता किनाऱ्यावरील नव्या घरांत व पर्यटक निवासांतही, शॉवर आला आणि रोजची आंघोळ नकळत रोजचे न्हाणे झाली.

यावर साधा उपाय बादली आणि मग हाच आहे. शॉवरच हवा असेल, तर लवचिक नळी असलेला हँड शॉवर बसवून तो खांद्याच्या उंचीवर अडकवावा. भिंतीतील शॉवरची तोटी फिरणारी असेल, तर ती भिंतीकडे कलवून तिच्याकडे पाठ करून उभे राहावे. धार मानेखाली पडू लागते. चेहरा शॉवरखाली न धुता वेगळा बेसिनवर धुतल्यास कपाळावरचे केसही वाचतात.

टोपी वापरण्याची रीत

प्लॅस्टिकची शॉवर कॅप बाजारात सहज मिळते. परंतु ती घालूनही केस भिजल्याची तक्रार नेहमी ऐकू येते. दोष बहुधा टोपीत नसून ती घालण्यात असतो. केस आधी विंचरून, पीळ देऊन माथ्यावर सैलसर बांधावेत. मानेवर बांधलेला अंबाडा टोपीची कड उचलतो आणि तेथूनच पाणी शिरते. टोपी कपाळावरून चढवून मागे मानेपर्यंत ओढावी, कानांवरून घ्यावी आणि कडेबाहेर राहिलेले केस बोटाने आत सारावेत. एक बारीक केस बाहेर राहिला, तरी त्याच्या आधाराने पाणी आत झिरपते. केस फार दाट असतील, तर मोठ्या मापाची टोपी घ्यावी. ताणून बसवलेले इलॅस्टिक कपाळावर वळ उठवते आणि कडेचे केस ओढते. टोपीच्या कडेवर कपाळ व मानेभोवती पातळ पंचाची पट्टी बांधली, तर ओघळ तेथेच शोषले जातात. नुसता पंचा डोक्याला गुंडाळणे मात्र पुरेसे नाही. तो पाणी अडवत नाही, शोषून केसांपर्यंत पोचवतो.

टोपीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. गरम पाण्याच्या वाफेत टोपीखाली घाम साचतो. त्यामुळे आंघोळ आटोपताच ती काढावी, केस मोकळे करून काही मिनिटे पंख्याखाली राहू द्यावेत. टोपी उलटी करून वाळत घालावी. ओली टोपी घडी करून कपाटात ठेवली, तर तिच्यावरच बुरशी धरते. एकाची टोपी दुसऱ्याने वापरू नये.

डॉक्टरांनी 'डोक्यावरून नको' म्हटल्यावर

काही वेळा केस कोरडे ठेवणे ही निवड राहत नाही, गरज बनते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात पाणी जाऊ नये म्हणून काही दिवस डोक्यावरून आंघोळ टाळण्यास सांगितले जाते. डोक्याला टाके असताना किंवा कानाच्या पडद्याला छिद्र असतानाही पाणी आत जाऊ देऊ नये, अशी सूचना असते. अशा वेळी केवळ टोपीवर विसंबू नये. रुग्णाला स्टुलावर बसवावे, मान किंचित मागे ठेवावी, मगने मानेखालीच पाणी घालावे आणि चेहरा ओल्या कापडाने पुसावा. बंदी किती दिवसांची, हे शेजाऱ्यांच्या अनुभवावरून न ठरवता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.

समुद्रात मात्र उलटा नियम

पावसाळा सरला, की मालवण, तारकर्ली, देवबाग येथे स्नॉर्केलिंग आणि स्कूबा डायव्हिंगसाठी पर्यटकांची रीघ लागते. येथे केस कोरडे ठेवण्याचा नियम उलटा होतो. समुद्रात केस कोरडे राहणे शक्यच नसते. पोहण्याची टोपीही गुंता आणि घर्षण कमी करते, पाणी पूर्णपणे अडवत नाही. म्हणून पाण्यात उतरण्याआधी केस गोड्या पाण्याने भिजवून घ्यावेत. केसाची पाणी शोषण्याची क्षमता मर्यादित असते. ती गोड्या पाण्याने भरली, की खारे पाणी कमी शिरते. केसांची सैल वेणी घालावी आणि बाहेर येताच गोड्या पाण्याने धुवावे. अन्यथा मीठ केसांवर सुकते आणि ते राठ होतात.

गोड्या पाण्याचे मोल या किनाऱ्याला नवे नाही. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत आणि त्यांची नावेच त्या पाण्याची किंमत सांगतात.

न्हाल तेव्हा

केस कोरडे ठेवायचे याचा अर्थ ते धुवायचेच नाहीत, असा नाही. घाम आणि तेल साचू देणेही बुरशीला आमंत्रणच होय. बहुतेकांना पावसाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा केस धुणे पुरते. कोंडा असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधी शाम्पू वापरून अधिक वेळा धुवावे लागतात.

न्हाण्यापूर्वी केसांना खोबरेल लावण्याच्या कोकणी सवयीला आधार आहे. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना केली. केसांतील प्रथिनांची झीज केवळ खोबरेलाने लक्षणीय प्रमाणात कमी झाली. खोबरेलातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरते, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे वाचकाने लक्षात घ्यावे. शिवाय तेल केसांच्या लांबीला लावावे. कोंडा असलेल्या त्वचेवर चोपडल्यास बुरशीला खाद्यच मिळते.

धुतल्यावर केस पंचाने झटकू वा रगडू नयेत. दाबून पाणी टिपावे. आधी मुळे वाळवावीत, मग टोके. ड्रायर वापरल्यास तो कमी उष्णतेवर, हातभर नाही तरी वीतभर अंतरावर फिरता ठेवावा. वीज गेली असेल, तर दोनदा पंचा बदलून पंखा येईपर्यंत केस मोकळे सोडावेत. मुळे पूर्ण कोरडी झाल्याखेरीज अंबाडा, वेणी वा अबोलीचा वळेसर नको. कामावर जाण्याच्या सकाळी हे साधणार नसेल, तर न्हाण्यासाठी सुटीचा दिवस किंवा सायंकाळ निवडावी. मात्र ओल्या केसांनी झोपू नये.

नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून अभ्यंगस्नान होते, तोवर पाऊस बहुधा ओसरलेला असतो. तेल लावून केलेल्या त्या न्हाण्यानंतर केस उन्हात पाहता पाहता वाळतात. तोपर्यंतच्या दमट महिन्यांत अंगाला रोज पाणी आणि केसांना ठरल्या दिवशीच, हा शिरस्ता पाळणे हिताचे.