जड परमाणूंस वेग कसा देतात

युरेनियमचा परमाणु हायड्रोजनच्या परमाणूहून सुमारें २३८ पट जड असतो. अशा जड कणास प्रकाशाच्या वेगाच्या शेंकडा १५ इतक्या वेगानें धांवावयास लावणारें यंत्र जर्मनींत डार्मस्टाट येथें १९७५ पासून आहे. त्याचें नांव युनिलाक. लांबी सुमारें १२० मीटर.

त्यामागील तत्त्व रोल्फ विडेरो या नॉर्वेजियन अभियंत्यानें १९२८ सालीं प्रयोगानें सिद्ध करून प्रसिद्ध केलें. धातूच्या नळीचा विद्युद्भार नेमक्या वेळीं उलटविला, तर कणास नळींत शिरतांना एक व बाहेर पडतांना दुसरा, असे दोन धक्के बसतात. २५,००० व्होल्टांच्या दाबांत त्यानें ५०,००० व्होल्टांचें काम करून घेतलें! अशा अनेक नळ्या रांगेनें मांडल्या कीं वेग वाढतच जातो.

परंतु विजेचा धक्का बसतो तो विद्युद्भारास. वजन हें नुसतें ओझें. म्हणून परमाणूचे होतील तितके इलेक्ट्रॉन काढून त्याचा भार वाढवावा लागतो. अशा भारित परमाणूस आयन म्हणतात. फ्रान्समध्यें ग्रनोबल येथें रिशार गेलर यांनीं चुंबकांच्या कोंडींत विरळ वायु राखून त्यांतील इलेक्ट्रॉन सूक्ष्मलहरींनीं तापविले. ते परमाणूंवर वारंवार आदळून त्यांचे आणखी इलेक्ट्रॉन उडवितात.

युरेनियमकरितां डार्मस्टाट येथें निराळी युक्ति योजतात. ४ भारांच्या आयनास थोडा वेग देऊन वायूच्या झोतांतून नेलें म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन सोलले जातात. हवा असतो तो भार २८ चा. पण कित्येकांचा त्याहून कमी राहतो, कित्येकांचा अधिक होतो, आणि ते सारे वायां जातात. नायट्रोजनचा झोत असतां शेंकडा सुमारें १३ आयन उपयोगी पडत. त्याऐवजीं हायड्रोजन वापरतांच तें प्रमाण २१ च्या आसपास गेलें. सर्वांत हलका वायु अशा अवजड परमाणूच्या कामीं यावा, ही मौजच होय!

या खटाटोपाचें फळ रोग्यांनाही मिळालें. १९९७ ते २००८ या काळांत तेथें ४०० हून अधिक कर्करोग्यांवर कार्बनच्या आयनांनीं उपचार झाले. पैकीं बहुतेकांच्या गांठी डोक्यांत होत्या.

झोताच्या दाटपणाची खरी किंमत मात्र १९९६ च्या प्रयोगांत दिसली. जस्ताच्या आयनांचा शिशावर अहोरात्र मारा करून ११२ वें मूलद्रव्य घडविलें, तेव्हां दोन परमाणु मिळाल्याचें जाहीर झालें. पुढें नोंदी पुन्हां तपासतां त्यांतील एकच खरा ठरला.