ज्याचं दार जवळ

असरच्या नमाजनंतर मोहल्ल्यातल्या घराघरांत भज्यांचा घाणा सुरू होतो. मगरिबच्या अजानला अजून अवकाश असतो. कलिंगडाच्या फोडी होतात, खजूर बशीत निघतात आणि घरातल्या धाकट्याच्या हातात क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं ताट दिलं जातं. शेजारी देऊन यायचं. ज्या घरी मांसाहार चालत नाही, त्यांचं फळं-खजुरांचं ताट आधी भरून बाजूला ठेवतात. खिम्याच्या समोशाला लागलेला हात त्याला लावायचा नाही, हे पोरांनाही ठाऊक असतं. कुणी मुद्दाम शिकवत नाही, आईला बघून कळतं.

ताट सहसा रिकामं परत येत नाही. कधी दोन लिंबं येतात, कधी पापड. 2024 ते 2026 सलग तीन वर्षं होळी रमजानमध्येच आली, तेव्हा इफ्तारच्या दस्तरखानावर खजुराशेजारी पुरणपोळीही दिसली.

शेजारी म्हणजे नेमका कोण? हजरत आयेशा (र.) यांना दोन शेजारी होते. भेट पाठवायची तर आधी कोणाकडे, असं त्यांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांना विचारलं. ज्याचं दार तुझ्या दाराला अधिक जवळ त्याच्याकडे, असं उत्तर मिळालं. नातं, धर्म, ऐपत यातलं काहीच त्या उत्तरात नाही, फक्त अंतर आहे. पैगंबरांचे सोबती अब्दुल्लाह बिन अम्र (र.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा त्यांनी आधी चौकशी केली ती यहुदी शेजाऱ्याकडे वाटा गेला का, याची. एकदा विचारून थांबले नाहीत, पुन्हा विचारलं. आणि घरात फारसं काही नसेल तर? रश्शात पाणी वाढवावं, पण शेजाऱ्याची आठवण ठेवावी, असंही हदीसमध्ये आहे.

जकातचा हिशेब ठरलेला आहे. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी इतकी मालमत्ता असेल आणि त्यावर वर्ष उलटलं, की अडीच टक्के काढायचे. फितरा घरातल्या तान्ह्या बाळाचाही द्यायचा, तोही ईदच्या नमाजआधी. पण कुरआनातली 107वी सूरह, जेमतेम सात आयतींची, तिचं नाव 'माऊन'. माऊन म्हणजे रोजच्या वापरातली किरकोळ वस्तू. जुन्या भाष्यकारांनी उदाहरणं दिली ती बादली, भांडं, कुऱ्हाड अशी. दिखाव्यासाठी नमाज पढणारे आणि अशी साधी वस्तूही न देणारे, या दोघांना ही सूरह शेवटी एकत्रच खडसावते. मराठीत याला सोपा शब्द आहे, उसनं. वाटीभर साखर, विरजणाला चमचाभर दही, रात्री-बेरात्री दवाखान्यात जायला गाडी.

त्यातला 'दिखावा' हा शब्द मात्र आजही बोचतो. जकात देताना ती जकात आहे हे घेणाऱ्याला सांगणं हनफी फिकहनुसार गरजेचं नाही. ईदी म्हणून दिली तरी अदा होते. एवढी सवलत असताना रेशनच्या पिशवीवर देणाऱ्याचं नाव छापलं जातं, फोटो निघतो आणि घेणारी बाई पदर पुढे ओढून उभी असते. तो फोटो तिच्या मुलाच्या वर्गमित्रांपर्यंतही पोचतो, याचा विचार कोण करतो?

उसनं मागणंही आता कमी झालं आहे. साखर संपली तर मोबाइलवरून मागवता येते, कुणाची बेल वाजवावी लागत नाही. याहून अवघड गोष्ट वस्त्यांची आहे. भाड्याचं घर बघायला गेलं की आधी आडनाव विचारलं जातं. काही जण 'आपल्यातच बरं' म्हणून स्वतःहून उठून जातात. मग ज्याचं दार जवळ, तो आपल्यासारखाच निघतो आणि वेगळा माणूस दिसतो तो फक्त मोबाइलच्या पडद्यावर. त्याच्याकडे विरजण कसं मागणार?

जुन्या गल्ल्यांत मात्र अजून भिंतीला भिंत आहे. चांदरातीला शिरखुर्म्याची तयारी सुरू होते, दूध जास्त येतं आणि घरातलं पातेलं अपुरं पडतं. पोरगं भिंतीपलीकडे हाक मारतं, "काकू, ते गणपतीतलं मोठं पातेलं द्या ना!" ईदच्या दुपारी पातेलं परत जातं. घासूनपुसून, आणि आत शिरखुर्म्याचा डबा ठेवून.