एका नावाखालची सव्वाशे वर्षे

थिओडोर एशरिख हे म्युनिकमधले मुलांचे डॉक्टर. तान्ह्या बाळांची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना १८८५ मध्ये त्यांनी एका दंडाकृती जिवाणूचे वर्णन केले. पुढे त्याला त्यांचेच नाव मिळाले. पाण्याच्या तपासणी अहवालात आपण वाचतो तो ई. कोलाय हाच. पण हा जिवाणू धडधाकट बाळाच्या आतड्यातही असे आणि जुलाबाने सुकत चाललेल्या बाळाच्याही. मग दोष त्याच्यावर ठेवायचा कसा? संशय अधूनमधून व्यक्त होत राहिला, पण पुराव्याअभावी हा पोटातला जुना भाडेकरू साठेक वर्षे सुटत राहिला.

दुसरे महायुद्ध संपत आले होते तेव्हा इंग्लंडमध्ये हिलिंग्डन इथे जॉन ब्रे उन्हाळी जुलाबाच्या बाळांचे नमुने तपासत होते. त्यांतून वाढवलेल्या ई. कोलायला एक वेगळाच वास येत होता. (आज प्रयोगशाळेत बशी हुंगायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे.) ब्रे यांनी या जिवाणूंविरुद्धचा रक्तद्रव सशांमध्ये तयार केला. आजारी बाळांकडचे जिवाणू त्यात मिसळले की त्यांच्या गुठळ्या होत. निरोगी बाळांकडच्या जिवाणूंच्या क्वचितच. १९४५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांनी स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनला साथ आली आणि तीत आजारी बाळांपैकी सुमारे निम्मी दगावली. कोपनहेगनच्या फ्रिट्झ काउफमान यांनी जिवाणूच्या बाह्य आवरणावरून स्ट्रेनना, म्हणजे एकाच जातीतल्या वेगवेगळ्या वाणांना, क्रमांक देण्याची पद्धत बसवली होती. तीत हे साथीचे जिवाणू ओ१११ आणि ओ५५ ठरले.

क्रमांकावरून ओळख पटली, तरी जुलाब नेमके कशाने होतात ते कळत नव्हते. ती वाट कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी दाखवली. सशाचे पोट उघडायचे, लहान आतड्याचा छोटा भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा, त्यात जिवाणू सोडायचे आणि काही तासांनी पाहायचे. तो भाग पाण्याने टम्म फुगला, तर जिवाणू दोषी. १९५३ मध्ये कॉलऱ्यासाठी वापरलेली ही युक्ती त्यांनी १९५६ मध्ये ई. कोलायवर चालवली. काही स्ट्रेननी आतडे फुगवले, काहींनी नाही. नाव एक असूनही करणी वेगळी, हे इथे डोळ्यांना दिसले. साधनांची चणचण असताना केलेल्या या कामाची बूज देशात फार उशिरा राखली गेली, आणि हे आपल्याला शोभणारे नाही.

साठीच्या दशकात ई. कोलायच्या विषांचा छडा लागू लागला. त्यांतले एक उष्णतेने नष्ट होते, दुसरे तग धरते. मग गाडी उलट्या दिशेने गेली. ब्रे यांना सापडलेल्या जिवाणूंच्या वंशातले स्ट्रेन ही विषे बनवत नाहीत, तेव्हा ते रोगकारक नसावेत, असा सूर निघाला. १९७८ मध्ये अमेरिकेत मायरन लेव्हिन यांनी बालकांच्या साथींतून मिळालेले, कित्येक वर्षे जपून ठेवलेले स्ट्रेन प्रौढ स्वयंसेवकांना पाजले. विष नसतानाही जुलाब झाले. त्यामागची युक्ती १९९७ मध्ये उलगडली: हा जिवाणू स्वतःचे एक प्रथिन आतड्याच्या पेशीत टोचतो आणि मग त्याच प्रथिनाला चिकटून बसतो. बसायची खुर्चीही स्वतःच घेऊन येणारा असा पाहुणा विरळाच!

दरम्यान १९८२ मध्ये अमेरिकेत ओ१५७ ने डोके वर काढले. कच्च्या राहिलेल्या मांसातून पसरणारा हा स्ट्रेन मुलांच्या मूत्रपिंडांवर घाला घालतो. एकाच नावाचे हे स्ट्रेन आतून किती वेगळे, तेही पुढे दिसले: २००२ मध्ये ई. कोलायच्या तीन स्ट्रेनचे जनुकसंच शेजारीशेजारी ठेवले, तेव्हा त्यांतली जेमतेम ३९ टक्के प्रथिने तिघांतही सामाईक निघाली.

२०१३ मध्ये आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात ठिकाणच्या, कोलकाताही त्यांतले एक, पाहणीचे निष्कर्ष आले. पाच वर्षांखालील मुलांच्या गंभीर जुलाबांमागे रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम आणि शिगेला यांच्या बरोबरीने टिकाऊ विष बनवणारा ई. कोलाय होता. नुसते नाशवंत विष बनवणाऱ्याचे नाव त्या यादीत नव्हते. वर्षाच्या आतल्या बाळांत मृत्यूचा धोका वाढवणाऱ्यांत तो टिकाऊ विषवाला होता, तसेच ब्रे यांना सापडलेल्या वंशातले जिवाणूही.

घरी यातले काहीच ओळखता येत नाही. म्हणून बाळाला जुलाब लागले की स्ट्रेन कोणताही असो, ओआरएस लगेच सुरू करा, अंगावरचे दूध तोडू नका आणि झिंकबद्दल डॉक्टरांना विचारा. शौचातून रक्त पडले, लघवी कमी झाली किंवा बाळ मलूल झाले तर थांबू नका, तडक दवाखाना गाठा. आणि मागच्या खेपेची उरलेली अँटिबायोटिकची बाटली मनानेच काढू नका. ओ१५७ सारख्या स्ट्रेनमध्ये ते औषध अंगलट येऊ शकते.